ताईचं पिंड

१२ फेब्रु. २००१, सोमवार. फरीदाबाद

काल ताई गेली. सकाळी चहा गाळताना भिंतीला हात लावून खाली बसली, ती पुन्हा बोललीच नाही. मेंदूत रक्तस्राव. भाऊजींनी शेजारच्या क्वार्टरमधल्यांची गाडी घेतली, पण उपयोग झाला नाही. फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धीच राहिली, तसाच गेलो.

सरोजिनी नगरला ताईच्या घरी पोचलो तर दारात चपला मावत नव्हत्या. तिच्या ऑफिसातल्या बायका, भजनी मंडळातल्या बायका. ताईची मुलगी मुग्धा रात्रपाळी करून गुडगावहून नुकतीच आली होती, तिच्या गळ्यात कॉल सेंटरचं ओळखपत्र तसंच.

स्मशानात सुमनने मला मागे उभं केलं. धूर नको, गर्दी नको, तोंडाला रुमाल. ऑपरेशनला नऊ वर्षं झाली तरी माझी बायको मला असंच उभं करते. सख्ख्या बहिणीला मी लांबून पाहिलं.

मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, ताई पूर्ण गेलीच नाही, तिचा एक भाग तुमच्यात आहे ना. चांगल्या मनाने म्हणाल्या.

ताई बावन्न. माझ्याहून चार वर्षांनी मोठी.

१४ फेब्रु., बुधवार

सुतकाचं विचारायला गुरुजींना फोन केला. पहाडगंजला राहतात, आमच्या मुंजीपासूनचे. म्हणाले, लग्न झालेली बहीण, तिचं गोत्र वेगळं, तुम्हाला तीनच दिवस. म्हणजे संपलंच.

मी विचारलं, तिची किडनी माझ्या अंगात आहे, तरीही तीनच?

मग म्हणाले, "असं आजवर कुणी विचारलं नाही. शास्त्रात नसणार. मन म्हणेल तसं करा."

दहा पाळतोय. सुमनला सांगितलं नाही. दाढी वाढलेली तिला दिसतेच आहे.

१६ फेब्रु.

कंपनीत गेलो. आमचं स्टोअर निम्मं रिकामं. जपानी भागीदार आल्यापासून नवीन लाईन सगळी मानेसरला, इकडे आम्ही जुने आणि जुना माल. कुणी फारसं विचारलं नाही. बरं वाटलं.

किडनीसाठीची सकाळची कॅप्सूल घेताना त्या औषधाचा उग्र वास आला. रोजच येतो, अंगालाही राहतो. ताई म्हणायची, नंदू आला हे दार उघडायच्या आधी कळतं.

२० फेब्रु., मंगळवार

दहावा. यमुनेच्या घाटावर. पाणी काळं, फेस. सुमनने आधीच बजावलं होतं, पाण्यात पाय घालायचा नाही.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

आधी आईचं लिहायला हवं. आईला किडनी शब्द परका वाटायचा आणि मूत्रपिंड म्हणायची लाज. म्हणून ती नुसतं पिंड म्हणायची. ताईने नंदूला पिंड दिलं. नंदूचं पिंड बरं चाललंय ना. आई वारली तरी घरात तो शब्द राहिला. मुग्धा त्यातच वाढली. दिल्लीतली मुलगी, मराठी शाळा चौथीपर्यंत, कितीतरी शब्द तिला घरातल्याच अर्थाने माहीत.

गुरुजींनी भाताचे पिंड मांडले, भाऊजींकडून सगळं करून घेतलं. मग मुग्धाला म्हणाले, "ये बाळ, आईच्या पिंडाला नमस्कार कर."

ती उठली, भाताकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ माझ्यापाशी आली आणि वाकली. माझ्या पायावर नाही. माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे ताईची किडनी बसवली आहे, तिथे शर्टवर कपाळ टेकलं.

गुरुजी म्हणाले, "अगं इकडे, हा बघ पिंड, भाताचा."

तिला चूक कळली. चेहरा लाल झाला. मला कुठे पाहावं कळेना.

भाऊजी दहा दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "राहू द्या गुरुजी. चुकली नाही ती."

कावळे भरपूर होते. वेळ लागला नाही.

२१ फेब्रु.

भाऊजींच्या बोलण्याचा अर्थ लावतोय. माया होती की मला सुनावलं? त्यांचा आवाज नेहमीच एकसारखा. सरकारी नोकरीत तीस वर्षं टिपणं लिहून तसा झालाय असं ताई म्हणायची.

६ मार्च, मंगळवार

तपासणी. क्रिएटिनिन २.६, म्हणजे किडनीचं काम घटतंय. जानेवारीत १.९ होतं तेव्हा पाणी कमी पडलं असेल म्हणाले होते. वर्षानुवर्षं १.४ वर होतं.

नवीन डॉक्टरीणबाई, तरुण. म्हणाल्या, नौ साल अच्छे चले हैं. सुईने किडनीचा तुकडा काढून तपासायचं.

मग विचारलं, डोनर कौन थे? बहन. कैसी हैं? मी म्हणालो, पिछले महीने नहीं रहीं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. काय झालं ते विचारलं. मग, "बीपी था उनको?"

माहीत नव्हतं.

"उनका चेकअप कहाँ होता था?"

कुठेच होत नव्हता. दर तीन महिन्यांनी माझं रक्त. दर तीन महिन्यांनी ताईचा फोन, किती आलं रे. तिचं किती, हा आकडा घरात कुणाला ठाऊकच नव्हता. डोनरलाही वर्षातून एकदा दाखवायचं असतं असं बाई म्हणाल्या. रागावून नाही.

मी धीर करून विचारलं, एका किडनीमुळे झालं का?

"कह नहीं सकते. बीपी दो किडनी वालों को भी होता है. ज़्यादातर डोनर ठीक रहते हैं. लेकिन किसी एक के लिए मैं हाँ या ना नहीं बोल सकती."

खोटं बोलल्या असत्या तर मला कळलं नसतं. तरी बोलल्या नाहीत.

७ मार्च

आज ऑपरेशननंतरचे दिवस आठवत होते. मी लगेचच उठून बसलो होतो, खिचडी खाल्ली होती. ताईला बरगडीखालून पाठीपर्यंत चिरलं होतं, तिला खोकताही येत नव्हतं. भेटायला येणारे सगळे माझ्या खोलीच्या काचेबाहेर. ती बाहेरच्या वॉर्डात, चालायला लागली तीच मुळी मला बघायला. काचेतून हात केला, दुसरा हात कमरेवर.

माझ्यासाठी सगळ्यांनी पेढे वाटले. ताईने पण वाटले.

१४ मार्च

तुकड्याचा रिपोर्ट. जुनी जखम भरल्यावर राहतो तसा वण सगळ्या किडनीत. औषधाने मागे येणार नाही, हळू करता येईल. वर्ष, दीड वर्ष. कमीसुद्धा. मग डायलिसिसचं मशीन, नाहीतर पुन्हा ट्रान्सप्लांट.

"घर में कोई है?" बाईंनी विचारलं. सेल्समन दारात विचारतात तसं वाटलं. सुमन शेजारीच बसली होती, ती म्हणाली, "मैं हूँ."

मी म्हणालो, बाद में देखेंगे.

बसमध्ये बदरपूरपर्यंत रिपोर्टची पिशवी तिने मांडीवर धरून ठेवली.

१५ मार्च

सुमनला एकच सांगितलं, मुग्धाला कळता कामा नये. तिने माझ्या पोटाला कपाळ टेकलंय. आता ते पिंड निकामी होत चाललंय असं कसं सांगू.

ताईची राख गेली. अस्थी गेल्या. हे एवढंच उरलं होतं, तेही माझ्याकडे नीट राहिलं नाही.

२६ मार्च, सोमवार. पाडवा

गुढी उभारली नाही. सुमनने विचारलं नाही.

दुपारी मुग्धा आली. ऑफिसच्या गाडीने मथुरा रोडपर्यंत, पुढे रिक्षाने. डब्यात श्रीखंड, तिने स्वतः केलेलं, चक्का नीट निथळला नव्हता. आम्ही वाट्या भरून खाल्लं.

हात पुसता पुसता म्हणाली, "मामा, मामीने सांगितलं मला."

मी सुमनकडे पाहिलं. ती उठून आत गेली.

"आईचं पिंड संपलं तर माझं घे ना. सेम टू सेम असेल. मी बिल्कुल हेल्दी आहे. सिगरेट पण सोडते."

सिगरेटचं मला माहीतच नव्हतं. सुमन आतून म्हणाली, "काय सोडतेस?" तिघं हसलो. ताई गेल्यापासून पहिल्यांदा.

मग मी नाही म्हणालो. कायद्यात भाची जवळची धरत नाहीत, कमिटीपुढे जावं लागतं, असं काहीबाही सांगितलं. ती म्हणाली, जाऊ ना कमिटीपुढे, मला बोलता येतं, रात्रभर तेच करते. अमेरिकन लोकांशी बोलताना तिचं नाव मॅगी आहे. कमिटीपुढे मुग्धा म्हणून जाईन म्हणाली.

चोवीस वर्षांची आहे.

१ एप्रिल, रविवार

भाऊजी आले. एकटे. या घरात ताईशिवाय कधी आले नव्हते. नेहमीच्या खुर्चीवर न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसले. सुमनने पोहे केले, त्यांनी बशी मांडीवर धरून ठेवली.

जे बोलले ते जवळजवळ तसंच लिहितो.

"नंदू, तिला तीन वर्षं बीपीची गोळी चालू होती. तुझ्यासमोर घ्यायची नाही. भाऊबीजेला तू येणार म्हटलं की पाकीट पिठाच्या डब्यामागे जायचं. मला शपथ घातली होती. म्हणायची, नंदूला कळलं तर त्याला घास जायचा नाही."

पुढे म्हणाले,

"कशाने झालं मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. तुमच्या आईलाही बीपी होतं, तुझ्याही असेल नशिबात. मी दोष द्यायला आलो नाही."

मग पोह्यांकडे बघत म्हणाले, "पण मुग्धा तुला देते म्हणाली असेल."

मी म्हणालो, हो म्हणाली, मी नको म्हणून सांगितलं.

"मग परत सांग. माझ्यासमोर. मी सांगितलं तर ती ऐकणार नाही. आईवर गेलीय."

फोन लावला. ती झोपेतून उठली. मी म्हणालो, मुग्धा, तुझी किडनी मी घेणार नाही, कमिटी हो म्हणाली तरी नाही, पुन्हा हा विषय नको. तिने विचारलं, बाबा तिथे आलेत का? मी हो म्हणालो.

ती म्हणाली, "मग आईची कशी घेतलीस?"

"तेव्हा मला मरायचं नव्हतं."

"आणि आता?"

मी फोन ठेवला. भाऊजींना तिचे प्रश्न ऐकू गेले नव्हते, पण माझं उत्तर गेलं होतं. सुमन स्वयंपाकघराच्या दारात होती, तिलाही.

भाऊजींनी पोहे संपवले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. घाटावर ते तसं का म्हणाले होते ते विचारायचं होतं. नाही विचारलं.

२ एप्रिल

पिठाच्या डब्यामागे. भाऊबीजेला मी त्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचो, डबा समोरच असायचा. निळा. ओवाळून झालं की ताई माझा चेहरा न्याहाळायची, सुजलाय का बघायला.

११ एप्रिल

सुमन शाळेतून आली, पर्स ठेवली, म्हणाली, "मुग्धाने फोनवर काय विचारलं ते तिने सांगितलं मला. त्याचं उत्तर मला पण हवंय."

मी म्हणालो, मशीनवरही लोक जगतात.

"जगतात. तुम्ही जगाल का ते विचारतेय."

आठवड्यातून तीन वेळा दिल्ली, नोकरी सुटणार, ते सगळं ती बोलली नाही. मीही नाही. ती म्हणाली, तिचाही गट बी पॉझिटिव्हच आहे. मी म्हणालो, एक बहीण घालवली, आता बायको नको.

त्यावर ती चिडली. आमच्याकडे चिडणं म्हणजे आवाज खाली जातो.

"वन्संची चालली, माझी नको. मी परकी ना?"

मग नऊ वर्षं पोटात ठेवलेलं बोलली. ब्याण्णवला तिने आधी हो म्हटलं होतं. ताईने तिला बाजूला घेऊन सांगितलं, तुला अजून मूल व्हायचंय, तू मध्ये पडू नकोस. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ती घाबरली, आणि मी कधी विचारलं नाही, तिला वाईट वाटेल म्हणून.

"मूल तर झालंच नाही," सुमन म्हणाली. "तेव्हापासून सगळे वन्संना हात जोडतात आणि मला विचारतात, पथ्य नीट सांभाळतेस ना."

वरण गॅसवर लागलं. दोघांनाही वास आला, कुणी उठलं नाही.

१२ एप्रिल

मुग्धाला स्वतःहून फोन केला. त्या दिवशी फोन ठेवला त्याबद्दल. म्हणाली, "चलो, जाने दे मामा." मग म्हणाली, घाटावर बावळटपणा झाला, सॉरी.

मी म्हणालो, सॉरी म्हणू नकोस.

३० एप्रिल

क्रि. २.९. पावलांना सूज. चप्पल काढली की पट्ट्यांच्या खुणा राहतात.

वाईट एवढंच वाटतं की ताई असती तर आज फोन आला असता.

८ मे, मंगळवार

सुमन माझ्याबरोबर आली आणि बाईंना म्हणाली, मला तपासून घ्यायचंय. मी मध्ये बोलायला गेलो. ती मराठीत म्हणाली, "तुम्हाला घ्यायची नसेल तर घेऊ नका. माझं मला कळायला नको?"

बाईंना मराठी कळत नाही, पण कळलं.

म्हणाल्या, डोनर से मैं अकेले में बात करती हूँ. पेशंट बाहर.

बाहेर बाकावर बसलो. दार पुरतं लागत नव्हतं. ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं. सुमन शाळेत हजेरी घेते त्या आवाजात एकेक विचारत होती. दुखणार किती, कामावर कधी जाता येईल. पुढे बीपी झालं तर. उरलेली एक बिघडली तर मला कोण देणार. दरवर्षी तपासणी कुणी करायची, तुम्ही की मी स्वतः आठवण ठेवायची. बाई शांतपणे उत्तरं देत होत्या. कुठे कुठे, मालूम नहीं.

अर्धा तास त्या खोलीत माझं नाव निघालं नाही. ब्याण्णवला ताईशी असं कुणी बोललं होतं का, आठवत नाही. बोललं असेल. मी तेव्हा आजारी होतो.

सुमन बाहेर आली. म्हणाली, तब्येत चांगली आहे, एक फक्त बीपी जरा वर लागलं. बोलून बोलून लागलं असेल. पंधरा दिवस रोज घरी बघायचं. वरच राहिलं तर बाई तिला नाहीच म्हणतील.

मला हायसं वाटलं. लगेच भीतीही वाटली, आणि ती सुमनसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. म्हणजे मुग्धाच्या 'आणि आता?' या प्रश्नाचं उत्तर आलं म्हणायचं. सुमनला अजून सांगितलेलं नाही.

९ मे

कंपनीच्या दवाखान्यातून बीपीचं यंत्र आणलं, पाऱ्याचं. तिथल्या सिस्टरने शिकवलं. पट्टा फुगवायचा, स्टेथोस्कोप कानाला लावून हळूहळू हवा सोडायची. ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा. बंद होतात तो खालचा. माझ्याच हातावर तीन वेळा करून पाहिलं. सिस्टर म्हणाली, घाई मत करना.

भाऊजींचा फोन. मुग्धाने सांगितलं असावं. सुमनचं कसं आहे विचारलं. माझं नाही विचारलं. बरं वाटलं.

१० मे, गुरुवार

सकाळी चहाच्या आधी. सुमनने बाही वर केली, टेबलावर हात ठेवला. लग्नाला वीस वर्षं झाली, तिच्या हाताला मी असा कधी पट्टा बांधलेला नाही, सैल झाला, पुन्हा बांधला. ती म्हणाली, बांगड्या काढू का? मी म्हणालो, नको, त्या खाली आहेत.

बीपी उतरावं म्हणून कालपासून ती स्वतःपुरतं बिनमिठाचं वेगळं काढून जेवतेय. मी घेईन की नाही हे आम्ही बोललेलो नाही. आज बोलायचं ठरवलं होतं.

फुगवलं. हवा सोडली. आधी काहीच नाही. मग ठोके सुरू झाले, स्पष्ट, वाटलं होतं त्यापेक्षा जोरात. पारा खाली येत होता.

"किती?" तिने विचारलं.

"थांब," म्हणालो, "अजून ऐकू येतंय."